क्लच बसला!

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. मुंबईत मावसबहिणीचं लग्न उरकून शुक्रवारी संध्याकाळी आम्ही नाशिकला परत निघालो. स्टिअरिंगवर मी, शेजारी आई, मागे बाबा आणि लग्नातले लाडवांचे डबे. कसारा घाट चढायला लागलो आणि नेहमीप्रमाणे पुढे कुठेतरी ट्रक बंद पडलेला. पाच फूट पुढे जा, थांब. परत पाच फूट, परत थांब. असं अर्धा तास चाललं असेल. मग एकदा क्लच दाबला तर पायाखाली काहीच नाही! लोण्यात पाय घातल्यासारखं पेडल गुपचूप खाली गेलं आणि तिथेच बसलं. पहिला गिअर पडेना. चढावर गाडी, मागे दहा फुटांवर भरलेला कंटेनर आणि त्याचा हॉर्न. हँडब्रेक ओढला आणि मला घाम फुटला.

मागून बाबा म्हणाले, "अरे, घाबरू नको. पेडल बुटाने वर उचल आणि पटापट पंप मार. चार-पाच वेळा. मग पाय न काढता लगेच गिअर टाक."

पंप मारला. चौथ्या-पाचव्या वेळेला पायाला काहीतरी लागलं, गिअर पडला, गाडी निघाली. तेच करत करत इगतपुरी गाठली आणि पुढे शक्यतो गिअर न बदलता घरी पोचलो. बाबांची तीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात शॉप फ्लोअरवर गेली आहेत, म्हणून हे सुचलं. माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे आणि मला त्या क्षणी फक्त गूगल करावंसं वाटत होतं. :)

शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटरला फोन केला. (गाडीचं आणि सेंटरचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.) पलीकडच्या मुलाने गाडी न बघताच सांगितलं, "सर, क्लच सेट गेला असणार. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. अठरा-वीस हजार धरून चला." मी मनातल्या मनात क्रेडिट कार्ड काढलंसुद्धा. बाबा म्हणाले, "थांब जरा. आधी गळतंय कुठे ते बघू."

गाडी उभी, इंजिन चालू. बाबांनी मला दोन गोष्टी करायला लावल्या. पहिली, पेडल झटक्यात दाब. दाबलं, अर्ध्यावर नीट कडक लागलं. दुसरी, आता हळूच दाब आणि धरून ठेव. हळूच दाबलं, आणि पेडल पायाखालून सावकाश खाली सरकत गेलं, थेट तळापर्यंत. बाहेर कुठे ओल नाही, गाडीखाली डाग नाही, डबीतल्या ऑइलची लेव्हल जवळजवळ जागेवर. फक्त ऑइल काळं पडलेलं.

आई चहा घेऊन अंगणात आली होती. तिने एक मिनिट बघितलं आणि म्हणाली, "हे तर आजीच्या स्टोसारखं झालंय. पंपाचा वायसर वाळला की असंच व्हायचं. दांडा नुसता आत-बाहेर, हवा काही भरायची नाही. मग आजी तो चामडी वायसर काढायची, खोबरेल तेल लावायची, बोटाने त्याच्या कडा जरा फाकवायची, की झालं!"

मी हसलो. पण दुपारपर्यंत कळलं की अख्ख्या प्रकरणाचं निदान आईने चहाच्या कपासकट केलं होतं. आणि त्या वायसरचा इतिहास शोधता शोधता माझा रविवार गेला. तर मंडळी, आजचा लेख त्या वायसरबद्दल.

सुरुवात करू एका फ्रेंच माणसापासून. ब्लेझ पास्कल. इंजिनिअरिंगला असताना ज्यांनी टर्बो पास्कल नावाची निळी स्क्रीन बघितली असेल, त्यांना नाव ओळखीचं असेल. ती लँग्वेज याच माणसाच्या नावाची. १६५३च्या सुमारास त्याने द्रवांच्या समतोलावर एक प्रबंध लिहिला. तो छापला गेला १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. त्यात आपण आठवीत शिकतो तो नियम आहे: बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. पास्कलने पुढचंही लिहून ठेवलं होतं. पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडं असतील, एक छोटं आणि एक त्याच्या १०० पट मोठं, आणि दोन्हींत घट्ट बसणारे दट्टे असतील, तर छोट्या दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या १०० माणसांना भारी पडेल.

कागदावर सगळं बरोबर. तरीही असं कामाचं यंत्र व्हायला जवळजवळ १४० वर्षं लागली. का? सगळी गोम "घट्ट बसणारे दट्टे" या तीन शब्दांत आहे.

१७९५ साली लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिराने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. हा माणूस कुलपं बनवण्यासाठी प्रसिद्ध होता. (पुढे १८०६ साली त्याने नोटांवर ओळीने नंबर छापणारं यंत्रही काढलं. ज्या गावात १९२८ पासून नोटा छापल्या जातात त्या गावच्या माणसाला हे सांगितलंच पाहिजे!) प्रेस तयार झाला, पण दांडा आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीतून पाणी बाहेर यायचं. पाणी अडवायला फटीत गच्च पॅकिंग कोंबलं की गळती थांबायची, पण दांडाच अडकून बसायचा. पॅकिंग सैल केलं की दांडा हलायचा आणि पाणी परत सुरू. प्रोग्रामिंगवाल्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे. एक बग काढला की दुसरा उगवतो.

हे कोडं सोडवण्याचं श्रेय सहसा दिलं जातं ते ब्रामाच्या कारखान्यातल्या एका तरुण कामगाराला, हेन्री मॉड्सलेला. जन्म १७७१चा, म्हणजे तेव्हा तो विशीतला होता. त्याने फट बुजवायचा नाद सोडला आणि चामड्याची एक कड बनवली, उलट्या वाटीसारखी दुमडलेली. वाटीचं तोंड दाबाच्या बाजूला. पाण्याचा दाब वाढला की पाणी वाटीत शिरतं आणि तिच्या कडा बाहेर फाकवून भिंतीवर दाबून धरतं. म्हणजे दाब जितका जास्त, तितकी गळती बंद! आणि दाब गेला की कड आपोआप सैल, दांडा मोकळा. जे पाणी बाहेर पडायला बघतंय त्यालाच दार लावायच्या कामाला लावायचं. मला ही कल्पना कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

मॉड्सले तेव्हा आठवड्याला ३० शिलिंगवर मुख्य फोरमन होता. घरी बायको, मुलं. त्याने पगारवाढ मागितली, मालकाने साफ नाही म्हटलं. १७९७ साली त्याने नोकरी सोडली आणि स्वतःचं वर्कशॉप टाकलं. (अप्रेझलच्या सीझनमध्ये वाचणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.) पुढे त्याच्या वर्कशॉपमधून जे तयार झाले त्यांत जोसेफ क्लेमंट होता. चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे भाग घडवणारा तोच क्लेमंट. म्हणजे आमच्या धंद्याची वंशावळसुद्धा या चामड्याच्या वाटीजवळून जाते.

ही वाटी सापडल्यावर हायड्रॉलिक प्रेस जगभर पसरला. आपल्याकडे तो आला कापसाबरोबर. जहाजाचं भाडं जागेवर ठरतं, आणि कापूस म्हणजे नुसती फुगलेली जागा. तो दाबून गाठी बांधल्याशिवाय लंडन-लिव्हरपूलला पाठवणं परवडत नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. त्याच काळात आपल्या घाटातली रेल्वे पुरी झाली. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा थळ घाटाचा मार्ग १८६५ साली सुरू झाला. ज्या चढावर माझा क्लच बसला, त्याच चढावरून खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईला उतरायला लागला. मुंबईत कुलाब्याला कापसाचे प्रेस होते, आणि पुढे खानदेशात गावोगावी जिन-प्रेस उभे राहिले.

आता गाडीकडे येऊ. इथे दोन भावांची गोष्ट आहे. माल्कम आणि ॲलन, आडनाव लॉकहीड. मूळ स्पेलिंग असं होतं की लोक 'लॉगहेड' वाचायचे, म्हणून पुढे ते बदललं. १९१६ साली या भावांनी कॅलिफोर्नियात विमान कंपनी काढली. माल्कम १९१९ साली तिथून बाहेर पडला आणि डेट्रॉइटला गाड्यांच्या हायड्रॉलिक ब्रेकच्या मागे लागला. ॲलनने १९२६ साली जी नवी विमान कंपनी काढली, तिच्या वारसदारांची सी-१३०जे विमानं आज आपल्या हवाई दलाकडे आहेत. एका घरातून ब्रेक निघाले आणि विमानंही.

१९२१च्या ड्युझेनबर्गमध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. पण माल्कमच्या सिलिंडरमध्ये वाट्या होत्या चामड्याच्या. आजीच्या स्टोचं जे दुखणं तेच त्यांचं. चामडं वाळलं, आकसलं की गळती. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी चामडं काढून तिथे रबराच्या वाट्या बसवल्या आणि १९२४च्या पहिल्या क्रायस्लर गाडीत ते ब्रेक आले. हेन्री फोर्डचा मात्र या पाण्या-तेलाच्या भानगडीवर विश्वास नव्हता. त्याच्या गाड्यांत दांड्या आणि तारांचे ब्रेक होते, ते थेट १९३९च्या मॉडेलांत बदलले.

क्लच या बाबतीत ब्रेकच्या बराच मागे राहिला. मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपचे ब्रेक हायड्रॉलिक होते, पण क्लच मात्र दांडे, तरफा आणि तार असा पूर्ण यांत्रिक. १९८३ साली आलेल्या मारुती ८००मध्येही क्लचला केबलच. ती केबल ताणली गेली की नट फिरवून ॲडजस्ट करायची, तुटली की रस्त्याकडेला नवीन टाकायची. पण गाड्या मोठ्या झाल्या, क्लचच्या स्प्रिंगा कडक झाल्या, आणि बॉनेटखालच्या गर्दीतून केबल वळवत नेणं अवघड झालं. पाइप मात्र कसाही वळवता येतो. शिवाय क्लच प्लेट झिजेल तसं हायड्रॉलिक आपोआप जुळवून घेतं. २००२ साली नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या स्कॉर्पिओचा क्लच हायड्रॉलिक होता, आणि आज बहुतेक मोठ्या गाड्यांत तोच असतो.

आता थोडं गणित, कंटाळू नका. उदाहरण म्हणून धरा, पेडलची तरफ ६ पट, वरचा म्हणजे मास्टर सिलिंडर १६ मिलिमीटर व्यासाचा, खालचा म्हणजे स्लेव्ह सिलिंडर २० मिलिमीटरचा. पायाने १० किलो जोर दिला तर वरच्या दट्ट्यावर ६० किलो येतो आणि खालच्यावर सुमारे ९४ किलो. पण फुकट काही मिळत नाही. पेडल १२० मिलिमीटर गेलं तर खालचा दट्ट्या हलतो जेमतेम १३ मिलिमीटर. आणि या सगळ्यात सरकणारं ऑइल किती? ४ मिलिलिटर! चहाच्या चमचाभरापेक्षाही कमी. दीड टनाच्या गाडीचं इंजिन चाकांपासून सोडवणं या एवढ्याशा थेंबांवर अवलंबून आहे.

आता त्यात १ मिलिलिटर हवा शिरली असं समजा. आतला दाब सुमारे ३० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एवढ्या दाबाखाली ती हवा जवळजवळ नाहीशी होते, आणि पेडलचा पाव प्रवास तिला चेपण्यातच जातो. म्हणून पेडल स्पंजसारखं लागतं. हा झाला मऊ पेडलचा पहिला प्रकार: हवा. दुसरा प्रकार, ऑइल बाहेर गळणं. यात डबीतली लेव्हल उतरते आणि पेडलच्या दांड्यापाशी किंवा खालच्या सिलिंडरच्या रबरी टोपीत ओल सापडते. आणि तिसरा प्रकार आमचा. ऑइल बाहेर जात नाही, वाटीच्या कडेवरून आतल्या आत मागे सरकतं.

आता बाबांच्या परीक्षेचा अर्थ लागतो. पेडल झटक्यात दाबलं की दाब एकदम चढतो, झिजलेली कडसुद्धा फाकून भिंतीला चिकटते आणि क्लच सुटतो. हळू दाबलं की कड चिकटायच्या आधीच ऑइल तिच्या बाजूने निसटतं. घाटातल्या अर्ध्या तासात मी नेमकं हेच करत होतो. पेडल हळू दाबत होतो आणि धरून ठेवत होतो. मॉड्सलेने १७९०च्या दशकात जे ओळखलं तेच कसाऱ्याच्या चढावर उलट्या बाजूने माझ्या पायाला कळत होतं.

दुपारी बाबांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनीही पेडल एकदाच हळू दाबलं आणि म्हणाले, "प्लेट को हात नहीं लगाने का. वरच्या सिलिंडरचं किट गेलंय." सिलिंडर उतरवला, खोलला, आणि आतली रबराची वाटी माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या टोकावर बसेल एवढी. एका बाजूची कड झिजून गुळगुळीत झालेली. ऑइल काळं का पडलं होतं तेही समजलं, ते त्या रबराचं पीठ होतं. चाचांनी सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघितलं. आत ओरखडे असते तर अख्खा सिलिंडर बदलावा लागला असता. नव्हते. नवीन किट बसवलं, काही शे रुपयांचं.

मग एअर काढायचं काम माझ्याकडे. खालच्या सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मी आत बसून पेडल दाबून धरायचं, चाचा निपल उघडणार, बुडबुडे निघणार, निपल बंद झाल्याशिवाय मी पाय सोडायचा नाही. आणि डबी कधी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर परत पहिल्यापासून. "दाबा... धरा... सोडा." पंधरा-वीस वेळा. शेवटी पेडल असं काही कडक लागलं की मी उगाचच आणखी दोनदा दाबून बघितलं.

तिथेच एक गोष्ट शिकलो, ती तुम्हालाही सांगतो. गॅरेजमध्ये आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते मुळात ऑइलच नाही. खनिज तेलाने या वाट्यांचं रबर फुगतं आणि खराब होतं. म्हणून सुरुवातीच्या काळात यासाठी एरंडेल आणि अल्कोहोलचं मिश्रण वापरायचे. आज बहुतेक गाड्यांत ग्लायकॉलच्या जातीचा द्रव असतो, डॉट ३ किंवा डॉट ४. अडचणीत सापडलात म्हणून त्या डबीत इंजिन ऑइल कधीही ओतू नका. हा द्रव हवेतलं पाणीही शोषतो. नवा डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. गरम इंजिनाजवळ त्याची वाफ झाली की परत मऊ पेडल. म्हणून दर दोन वर्षांनी तो बदलायचा. आणि बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते. लेव्हल उतरलेली दिसली तर "क्लचचंच असेल" म्हणून सोडून देऊ नका, ब्रेक आधी बघा.

चाचांशी बोलताना त्यांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. आता कित्येक गाड्यांचं किट मिळत नाही. सिलिंडर प्लास्टिकचा, बंद, खोलायची सोयच नाही. काहींत खालचा सिलिंडर थेट गिअरबॉक्सच्या तोंडाशी, आत. वाटी गेली की सगळा गिअरबॉक्स उतरवायचा आणि आख्खा सिलिंडर फेकून नवा टाकायचा. म्हणजे फोनवरचा तो मुलगा अगदीच खोटं बोलत नव्हता. त्याच्या स्क्रीनवर 'वाटी' नावाचा पार्टच नसेल. 'क्लच सेट' असेल, आणि त्याची किंमत.

नियमाला नाव पास्कलचं, पेटंट ब्रामाचं, आणि ज्याच्या वाटीवर दोघांचं चालतं त्याला ३० शिलिंगच्या वर काही मिळालं नाही. चाचांनी मजुरीचे चारशे रुपये सांगितले. त्या सोळा-सतरा हजारांच्या फरकाचं काय करायचं ते मला समजेना. पाचशेची नोट दिली तर त्यांनी शंभर परत केले.

घरी येऊन आईला ती जुनी वाटी दाखवली. तिने बोटाने कड फाकवून बघितली, अगदी सवयीने, आणि म्हणाली, "सांगितलं होतं ना? वायसरच होता."

माळ्यावर आजीचा पितळी स्टो अजून आहे. येत्या रविवारी काढून बघणार आहे, खोबरेल तेल घेऊन. तोपर्यंत तुम्ही एक करा. गाडी सपाट जागी उभी करा, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. पेडल हळूच दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. खाली सरकलं नाही तर छानच. सरकलं तर घाटात जायच्या आधी गॅरेज गाठा, आणि गिअरबॉक्स उतरवायच्या आधी वाटी बघायला सांगा. :)